आधी अंधारी खोली, मग मोबाइल

आमच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेला तीन खिडक्या आहेत. तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी नववीच्या मुलांनी आणि मी त्या काळ्या कागदाने बंद केल्या, दाराखालच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि मधल्या खिडकीच्या कागदाला रुपयाच्या नाण्याहून थोडं लहान भोक पाडलं. पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसेना. मुलं कुजबुजू लागली. मग डोळे अंधाराला सरावले आणि समोरच्या भिंतीवर पटांगणातलं आंब्याचं झाड हळूहळू उतरलं. शेंडा खाली, बुंधा वर, आणि जमिनीच्या जागी निळं आभाळ. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी सायकलवरून गेलं, तर भिंतीवर ती सायकल छताच्या कडेने उलटी चालत गेली. "टीचर, सगळें उरफाटें दिसता!" असा एकच गलका झाला.

प्रकाश सरळ रेषेत जातो, हे वाक्य याच मुलांनी खालच्या वर्गांत उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळवले होते. त्या शनिवारी त्यांनी ते भिंतीवर पाहिलं. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण पुसट होतं, लहान केलं तर रेखीव होतं पण अंधारतं, हे मला सांगावं लागलं नाही. एकाने कागद फाडून भोक वाढवलं, दुसऱ्याने बोटाने अर्धं झाकलं, आणि कॅमेऱ्याचं अर्धं शास्त्र त्यांनी आपसांत भांडून ठरवलं. तेव्हापासून मी जो भेटेल त्याला सांगते आहे, आज इथे लिहिते: गोव्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये आठवी आणि नववीला छायाचित्रण हा नेहमीचा विषय असला पाहिजे. आठवड्याला सलग दोन तास, वेळापत्रकात छापलेले. शाळा सुटल्यावरचा छंदवर्ग नको, आणि १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन म्हणून घेतलेली स्पर्धाही पुरेशी नाही.

हे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, पाचवीतलं पोरही फोटो काढतं, मग शिकवायचं काय? पालकही हेच विचारतात आणि शिक्षकही. मला वाटतं, शिकवण्याची गरज नेमकी याच कारणाने वाढली आहे. मोबाइल आपल्यासाठी इतके निर्णय परस्पर घेतो की मुलाच्या वाट्याला फक्त बोट टेकवणं उरतं. बटण दाबण्याच्या आधीपासूनच तो एकामागून एक चौकटी टिपत असतो, त्यांचे उजळ-काळोखे भाग जुळवून एक चित्र तयार करतो, आकाशाला निळं करतो आणि चेहरा ओळखला की त्याची कातडी गुळगुळीत करतो. ज्या मुलाने डब्याच्या भोकातून उजेड येताना कधी पाहिलेला नाही, त्याला हे सगळं घडतं आहे याची शंकाही येत नाही. फोनमध्ये दिसलं ते तसंच होतं, असं त्याला वाटतं.

आमच्या वर्गातली एक मुलगी सावळी आहे. तिने स्वतःचा फोटो दाखवला तेव्हा तिचा रंग दोन छटा उजळ झालेला होता. कुठलंही फिल्टर लावलं नव्हतं असं ती शपथेवर सांगत होती, आणि ते खरंच होतं. फोन विकत आणला तेव्हाच ती सोय चालू होती. आम्ही ती सेटिंगमध्ये जाऊन शोधली आणि बंद केली. त्या निमित्ताने मी मुलांना कोडॅकच्या शर्ली कार्डांची गोष्ट सांगितली. रंगीत छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये एका गोऱ्या बाईचं छायाचित्र प्रमाण म्हणून ठेवलेलं असे, आणि त्यामुळे काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे कित्येक वर्षं फोटोत नीट उमटतच नसत. म्हणजे यंत्रातही कोणाची तरी आवड घातलेली असते. हे तिला चौदाव्या वर्षी कळलं. क्रीमच्या जाहिराती बघून कळण्याची वाट पाहायला नको होती.

आता तर जी जागा कुठे नाही आणि जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याचंही छायाचित्र तयार होतं. अशा वेळी चित्रातली सावली कुठल्या बाजूला पडली आहे, डोळ्यांतली चमक खिडकीची आहे की दिव्याची, हे तपासण्याची सवय मुलांना असायला हवी. ती सवय भाषणाने लागत नाही. स्वतः शंभरदा सावलीशी झगडल्यावर लागते.

म्हणून मी मोबाइलपासून सुरुवात करत नाही. आधी अंधारी खोली, मग चपलांच्या खोक्याचा सुईभोकाचा कॅमेरा, मग सायनोटाइप, आणि सगळ्यात शेवटी मोबाइल. सायनोटाइप ही १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली पद्धत. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन क्षार पाण्यात विरघळवून कागदावर फासायचे, अंधारात वाळवायचे, वर पान किंवा फूल ठेवून उन्हात धरायचं आणि नळाखाली धुवायचं. निळ्या कागदावर पानाचा पांढरा ठसा उरतो. डार्करूम लागत नाही, महाग सामान लागत नाही. लागतं ते ऊन, आणि गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये त्याची काही कमतरता नाही.

गणिताच्या शिक्षकांनाही या तासाला बोलवावं असं मी म्हणते. जुन्या लेन्सवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे भोकाचे आकडे कोरलेले असतात; आकडा मोठा, तितकं भोक लहान. मुलांना ते मनाला येईल तसे टाकलेले वाटतात. पण प्रत्येक आकडा आधीच्याला २ च्या वर्गमुळाने गुणून आला आहे, म्हणजे दर पायरीला भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि उजेडही निम्मा. नववीच्या पुस्तकात २ चं वर्गमूळ अपरिमेय संख्या म्हणून येतं, मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. ते एका पितळी कड्यावर कोरलेलं पाहिलं की विसरत नाहीत.

मोबाइल हातात दिला तरी एक नियम मी कधी सोडत नाही: आठवड्याला १२ फोटो. एकही जास्त नाही. हा आकडा माझ्या मामाच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यातून आला. त्याच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो यायचे, आणि ऊन की ढग एवढंच ठरवायची सोय होती. बारातले दोन गणेशचवथीला, दोन जत्रेला, एक नव्या बाळाचा, असा वर्षाचा हिशेब असे. मामा कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी पाच मिनिटं नुसता बघत उभा राहायचा. आजची मुलं एका वाढदिवसाला चारशे फोटो काढतात आणि पुन्हा एकही उघडून पाहत नाहीत. १२ चं बंधन घातल्यावर पहिल्या आठवड्यात रडारड होते, तिसऱ्या आठवड्यात मुलं थांबायला शिकतात. फोटोबरोबर मी वहीत चार ओळी मागते: कुठे उभी होतीस, उजेड कुठून येत होता, चौकटीबाहेर काय ठेवलंस आणि का. चौकटीबाहेर काय ठेवलं, या प्रश्नाचं उत्तर लिहिताना मुलं सगळ्यात जास्त वेळ घेतात.

हा विषय देशात सगळीकडेच शिकवला जावा, पण गोव्यात त्याची निकड वेगळी आहे. आपली भूमी दुसऱ्यांनी इतकी टिपली आहे की तिचं एक ठरीव चित्र तयार झालं आहे: किनारा, माड, मावळता सूर्य, पांढरं चर्च, रंगीत भिंत. पणजीच्या फोंतेनइश वाड्यातल्या रहिवाशांना घरासमोर फोटोसाठी जमणाऱ्या गर्दीने नको जीव केला आहे. पर्रा गावातल्या माडांच्या रस्त्यावर थांबून फोटो काढणाऱ्यांकडून पंचायतीने पैसे घेण्यापर्यंत पाळी आली होती. या चित्रात डिचोली नाही, सांगे नाही, धारबांदोडा नाही. आणि दुःखाची गोष्ट ही की आमच्या मुलांनीही तेच चित्र उचललं आहे. समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर राहणारं मूल 'माझा गोवा' या विषयाला किनाऱ्यावरचा सूर्यास्त आणून देतं. त्यासाठी ते बापाला रविवारी मोटारसायकल काढायला लावतं, आणि घराच्या मागची गोष्ट त्याला फोटो काढण्याजोगी वाटत नाही.

एका आंतरशालेय स्पर्धेचा अनुभव मी विसरू शकत नाही. विषय होता 'आमचा परिसर'. खाणींच्या भागातल्या गावची एक विद्यार्थिनी माझ्या सांगण्यावरून घरामागे उभ्या असलेल्या वडिलांच्या ट्रकचा फोटो घेऊन गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चमध्ये खनिज वाहतूक थांबली, आणि तिच्या गावात ट्रक जिथे होते तिथेच उभे राहिले. तिचा फोटो दुपारचा होता. चाकं अर्धी मातीत, पुढच्या काचेवर वेल चढलेली, आणि आरशाच्या जागी गंजलेली तार. ट्रकच्या सावलीत तिची आजी आमसुलं वाळत घालत बसली होती. परीक्षकांनी तो बाजूला ठेवला. शेरा होता, 'विषयाला धरून नाही, निराशाजनक.' पहिलं बक्षीस नदीवरच्या सूर्यास्ताला मिळालं. मुलगी परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून छायाचित्रणाला स्पर्धेच्या हवाली करू नये या मताची मी झाले. स्पर्धा मुलांना परीक्षकाला काय आवडेल ते शिकवते. वर्गात तोच फोटो भिंतीवर लावून अर्धा तास बोलता येतं. आजी नसती तर हा फोटो कसा झाला असता? सकाळच्या उजेडात काढला असता तर वेल दिसली असती का? हे प्रश्न शेरा लिहून विचारता येत नाहीत.

म्हणून या विषयाला लेखी परीक्षाही नको. वर्षाच्या शेवटी मुलाने निवडलेली १२ छायाचित्रं, त्यांच्या टिपणांसह, आणि त्यांच्या शेजारी त्याने टाकून दिलेलीही १२. टाकलेली बघितली की शिक्षकाला मूल कुठवर आलं ते लगेच समजतं.

या विषयातून गावाचं काम कसं होतं, ते मी चवथीला पाहिलं. गणपतीच्या वर टांगलेली माटोळी प्रत्येक गोमंतकीय मुलाने पाहिलेली असते, पण त्यातल्या फळांची नावं किती जणांना येतात? मी मुलांना काम दिलं: आपल्या घरच्या माटोळीतल्या प्रत्येक वस्तूचा वेगळा फोटो, नाव आजीला विचारून, आणि ती कुठून आणली ते वडिलांना विचारून. सुपारीचं शिपटं आणि आंबाडे सगळ्यांना ओळखता आले. कवंडाळ निम्म्यांना, नागलकुडा चौघांना. तांत्रिक अडचणीही आल्या, कारण माटोळी उंचावर असते, मखराचे दिवे रंगीत असतात आणि मागे ट्यूबलाइट. कुणी दिवे पाच मिनिटं बंद करून दार सताड उघडलं, कुणी आईला पांढरा पंचा धरून उभं केलं, उजेड परतवायला. रंग खरे यायला हवेत हा आग्रह तिथे आपोआप आला. पिवळं पडलेलं कवंडाळ ओळखू येत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक पंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अशा नोंदवहीला आठवीतल्या मुलांचे हे फोटो, आजींनी सांगितलेल्या नावांसह, जोडता येतील. दर वर्षी तीच जागा, त्याच उंचीवरून, त्याच महिन्यात टिपली तर म्हादईचं पात्र, शेतावरची मानस (खाडीचं पाणी अडवणारं दार), देवराईची कड कशी बदलते हेही गावाच्या हाती राहील.

घरातल्या जुन्या फोटोंचंही तसंच आहे. आपल्या पावसाळ्यात कपाटातल्या आल्बमांना बुरशी लागते, काचेमागचे फोटो काचेलाच चिकटतात, उरलेले वाळवी खाते. खिडकीच्या मवाळ उजेडात, फोन फोटोला समांतर धरून, चमक टाळून जुन्या फोटोची नक्कल कशी घ्यायची हे एका तासात शिकवता येतं. एका मुलाने अशी नक्कल घेताना पणजीला एकेका चेहऱ्याचं नाव विचारलं आणि मागे पेन्सिलीने लिहिलं. पुढच्या पावसात मूळ फोटो गेला. नावं राहिली.

दुसरा मोठा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मोबाइल आणि कॅमेरा मुलांच्या हाती शाळेनेच दिला तर कोणाचेही नको ते फोटो काढले जातील, मुलींना त्रास होईल, अशी भीती मुख्याध्यापकांना वाटते. ती खोटी नाही. पण फोन शाळेच्या फाटकाबाहेर ठेवल्याने धोका फाटकाबाहेर वाढतच जातो, आणि तिथे शिकवायला कोणी नसतं. संमती म्हणजे काय हे शिकवण्यासाठी छायाचित्रणाच्या तासासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला पर्यटकांसाठी सूचना काढावी लागली, की अनोळखी माणसांचे, विशेषतः किनाऱ्यावर पहुडलेल्यांचे, फोटो त्यांच्या परवानगीशिवाय काढू नयेत. मोठ्यांना सरकारने सांगावं लागतं ते आपण चौदाव्या वर्षी का शिकवू नये? कोणाच्या खासगी अंगांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे नववीतल्या प्रत्येक मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

आणि कायद्याच्या अलीकडचंही. मी मुलांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेते तेव्हा पहिल्या खेपेला फोन माझ्या पिशवीत असतात. मुलांनी कोणापाशी तरी बसायचं, चार गोष्टी बोलायच्या, मिरच्या कुठून आल्या ते विचारायचं. दुसऱ्या खेपेला फोन मिळतो, आणि फोटो काढण्याआधी विचारायचं, काढल्यावर दाखवायचा, नको म्हटलं तर समोर पुसायचा. एका मासेविक्रेतीने माझ्या विद्यार्थ्याला नाही म्हटलं. रोज कोणी ना कोणी न विचारता तोंडासमोर कॅमेरा धरतो, ती म्हणाली, आणि तू विचारलंस म्हणून सांगते, आज नको. त्याने फोन खिशात घातला आणि तिच्याकडून आईसाठी बांगडे घेतले. वहीत त्याने त्या आठवड्याला ११ फोटोंची टिपणं लिहिली आणि बाराव्या जागी न काढलेल्या फोटोचं. ते टिपण मी जपून ठेवलं आहे.

हायस्कूलमध्ये छायाचित्रण शिकवण्यात काही नवीन आहे असंही नाही. फोटोग्राफीची पद्धत पॅरिसमध्ये १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला. वर्ग सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि तिच्या सुरुवातीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी होते. हे दाजी घराणं आपल्या पेडणे तालुक्यातलं, मांद्र्याचं. नारायण दाजी डॉक्टरही होते आणि नामांकित छायाचित्रकारही. कला शिकणारा वेगळा आणि शास्त्र शिकणारा वेगळा, ही भिंत त्या माणसाच्या आयुष्यात नव्हती. ती आपण वेळापत्रकात बांधली.

पैशाची अडचण मला खरी वाटत नाही. गोवा शासनाने शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स आणण्यासाठी योजना राबवली, संगणक दिले, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. ते चांगलंच झालं. त्याच्या तुलनेत काळा कागद, खोकी, दोन क्षार आणि दर शाळेला चार-पाच साधे कॅमेरे हा खर्च किरकोळ आहे. ज्या घरात फोन नाही किंवा तो दिवसभर वडिलांसोबत कामावर असतो, त्या मुलासाठी शाळेचे कॅमेरे हवेतच. नाहीतर हाही विषय ऐपतीवर जाईल. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यात सुतार, माळी, कुंभार यांची नावं आहेत. त्या यादीत गावचा फोटोवाला का नसावा?

शिकवणार कोण, या प्रश्नाला माझं उत्तर तोच फोटोवाला आहे. पणजीत आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून पदवी घेतलेले चित्रकला शिक्षक आपल्याकडे आहेत, ते पुढाकार घेतील. पण डिचोली, साखळी, फोंडा, काणकोण इथल्या लहान स्टुडिओंमध्ये तीस-तीस वर्षं काम केलेली माणसं बसली आहेत. लग्नाच्या मांडवात भर दुपारी नवरीला कुठल्या सावलीत उभी करायची, हे त्यांना पाठ आहे. मोबाइल आल्यावर त्यांच्याकडे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन एवढंच उरलं. पदवी नाही म्हणून शाळा त्यांना उभं करत नाही. मानधन देऊन आठवड्याचे दोन तास त्यांना द्यावेत, असा प्रस्ताव मी आमच्या व्यवस्थापनाकडे दिला आहे.

एकदा मी अशाच एका स्टुडिओवाल्या काकांना वर्गात बोलावलं. ते संकोचून आले होते, फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि व्याख्यान द्यायला जमणार नाही म्हणाले. मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. त्याच्या खांद्याला दोन बोटं लावून तो खिडकीकडे जरासा वळवला. "आता काय बदललं?" त्यांनी वर्गाला विचारलं. कोणाला सांगता येईना. त्यांनी खांदा पुन्हा पहिल्यासारखा केला, परत वळवला आणि काही न बोलता थांबले. मागच्या बाकांवरची मुलं एकेक करून उठून पुढे आली आणि आपल्या रोजच्या सोबत्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.